नानांच्या रुसव्याचं गणित

धुळ्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या देवचंदला १९९३ साली संगणकानं पार झपाटलं होतं. बहिणीचं, वच्छलाचं लग्न पारोळ्याला घरीच करायचं ठरलं, तर या शहाण्यानं अख्खी भाऊबंदकी संगणकात कोंबली. पडद्यावरचा प्रत्येक पाहुणा शेजारच्याकडे बघून ठरवायचा, जेवायचं की रुसून उठायचं. थोरले चुलते भिका नाना दर लग्नात रुसायचेच. ते उठले आणि मागोमाग भाऊबंद उपाशी गेले, तर वच्छलाला सासरी जन्मभर टोमणे खावे लागले असते. देवचंदची झोपच उडाली होती.

"एका वेळी एकच गोष्ट बदल, बाकीच्या तशाच ठेव," सोबतचे रतिलाल सर म्हणाले. "वीज जायच्या आत चहाला मोकळे."

तसं केलं. नुसतं आवतन वाढवलं, तर पंगत थोडी लांबली. मोजक्या आवतनात नानांना रुसवलं, तर दोन-चार टाळकी उठली. "बघ, नानांवाचून काही अडत नाही!" सरांनी निकालच दिला.

देवचंदला पटेना. लग्नात भानगडी कधी एकेक करून येतात का, देवा! त्यानं दोन्ही एकदम बदललं. घरोघर चूल बंद ठेवायचं आवतन, सगळं गाव एकाच मांडवात, अन् त्यात नाना उठले... पडद्यावरचा मांडव रिकामा! वीज गेली की काय, म्हणून सरांनी पंख्याकडे बघितलं.

आवतन तर तसंच देऊन झालं होतं. देवचंदनं नानांचं घर गाठलं आणि हात जोडून सगळं सांगितलं.

"मना रुसवा मशीनले बी समजी गया?" नाना खूश झाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "पण मी का रुसस, हाई कोनी इचारं का? घरना माणूसले पाहुणा करी बसाडतस. रुसू नही तं काय करू?"

हे देवचंदनं संगणकात घातलंच नव्हतं.

लग्नाच्या दिवशी वरणबट्टीची पंगत बसली आणि नाना ताटावरून उठले. एकामागून एक सगळी भाऊबंदकी उठली, अगदी पडद्यावरच्यासारखी. नाना तडक चुलीकडे गेले आणि त्यांनी तुपाची तपेली उचलली. मग काय, भाऊबंदांनी मिळेल ते भांडं धरलं आणि वऱ्हाडाला असं वाढलं, असं वाढलं, की व्याही हात जोडू लागले. वच्छला पदराआड हसत होती. देवचंदला रडूच कोसळलं.

"ओ मास्तर, रडस काय?" नाना गरजले. "वरणनी बादली धर!"