राखेभोवतीचं कडं

सोमवार उजाडला की प्रकाशा गावाच्या शिवारातल्या त्या केळीच्या बागेत पाय ठेवायला जागा उरायची नाही. शहाद्याहून, थेट नंदुरबारहून रिक्षा भरभरून माणसं येत. मधोमध खाटेवर चिमटीबाबा बसलेला, पुढ्यात पितळी परात, परातीत राख.

"सुई नही, बाटली नही, गोळी नही," बाबाचं एकसुरी चालू असायचं. "तीन दिन, तीन चिमट्या. चौथी मांगी ते गुण गया." संपलं की पुन्हा पहिल्यापासून, एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखं.

रांगेतल्या रुपाला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. दीड वर्षाची मोहिनी तिच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. अंग भाजत होतं, दुपटं रक्ताच्या आवेने भरलेलं होतं. दीड महिन्यापूर्वी अशीच आव बाबाच्या तीन चिमट्यांनी थांबली होती. रुपाने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. बारावी सायन्स झालेली ही सून मग गल्लीभर सांगत सुटली. समोरच्या दिवलीबाईलाही नातवाला घेऊन इकडे तिनेच पाठवलं.

"बाबा, परत सुरू व्हयनं," ती म्हणाली.

बाबाने डोळे मिटले. "सूनबाईना भाव कमी पडना."

रुपा राख घेऊन आली. भाव कमी पडू नये म्हणून तीन दिवस उपाशी राहिली. चौथ्या दिवशी मोहिनी रडली, पण डोळ्यांतून पाणी आलं नाही. अंगातलं पाणीच आटलं होतं. नवऱ्याने, हेमकांतने, मोटारसायकल काढली.

शहाद्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईन लावलं. "याआधी कुठलं औषध दिलं होतं?"

"काहीच नाही," रुपा म्हणाली.

ती खोटं बोलली नव्हती. अंगाऱ्याला औषध कोण म्हणतं? डॉक्टरांनी या आजारावर नेहमी देतात ते औषध सुरू केलं, नमुना तपासणीला पाठवला. दुसरा दिवस मावळायला आला, तरी ताप तसूभर हलला नाही. रुपा लेकीच्या छातीवर हात ठेवून बसली होती. हात उचलला तर श्वास थांबेल, असं तिला वाटत होतं.

तेवढ्यात नणंद आली. दीपमाला लोणखेड्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. आत येते तो तिची आई, निर्मलाबाई, पुडी सोडून नातीच्या जिभेवर काहीतरी ठेवत होती.

"आई, हाई काय शे?"

"बाबानी राख. मांगे इनाच गुण उना व्हता."

"राखेने गुण आला? किती दिवस दिली होती, वहिनी?"

"तीनच. आणि या आठवड्यात परत तीन."

दीपमाला रागावली असती तर रुपाला बरं वाटलं असतं. पण तिचा चेहरा उतरला. डॉक्टरांशी बोलून, उरलेली पुडी घेऊन ती तशीच कॉलेजकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, तेव्हा तिच्या हातात झाकण चिकटवलेली काचेची बशी होती. बशीत सायीसारखा पातळ थर होता, प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी जंतूंचा. एका बाजूला चुलीची राख टाकलेली. तिला जंतू अगदी खेटून वाढले होते. दुसऱ्या बाजूला बाबाची राख. तिच्याभोवती मोहिनीच्या बांगडीएवढं स्वच्छ, रिकामं कडं पडलं होतं.

"राखेत जंतू मारायची गोळी कुटून घातलीय," दीपमाला म्हणाली.

"म्हणजे तेव्हा ती खरंच बरी झाली होती?"

"खरंच झाली. म्हणून तर घाबरतेय मी."

मग तिने समजावलं. जंतू म्हणजे एकच पेशी. वीस-तीस मिनिटांत एकीच्या दोन होतात, आणि दर वेळी आतल्या डीएनएची नक्कल उतरवली जाते. करोडो नकला उतरवताना कुठे चूक होतेच. एखाद्या चुकीने त्या जंतूला औषध बाधत नाही. अर्धंमुर्धं औषध साधे जंतू मारतं आणि अशा निगरगट्टाला मोकळं रान देतं. काही जंतूंपाशी तर औषधाला पुरून उरायची युक्ती डीएनएच्या छोट्याशा कड्यावर लिहिलेली असते. शेजारणीला विरजण द्यावं तसं ते कडं ते दुसऱ्या जंतूला देऊन टाकतात.

प्लास्मिड. रुपाला त्या कड्याचं नाव आठवलं. बारावीच्या पेपरात तिने त्याची आकृती काढली होती, पूर्ण मार्क मिळाले होते. ते आपल्या लेकीच्या पोटात असू शकतं, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

डॉक्टरांनी बशी पाहिली. "हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि औषध बदललं. दुसऱ्या दिवशी तपासणीचा अहवालही तेच सांगत आला: पहिल्या औषधाला हा जंतू दाद देत नाही. त्याच संध्याकाळी मोहिनी सुई पाहून रडली आणि तिच्या गालांवर पाणी ओघळलं. रुपाने ते पुसलं नाही, बघत राहिली.

पुढच्या सोमवारी ती केळीच्या बागेत गेली. बशीसकट.

"बाबा, राखमा जी गोळी शे, तिनं नाव सांगा. डॉक्टरले काम पडस."

"देवले नाव ऱ्हास, बाई. राखले नही."

"शिकेल बाया अश्याच ऱ्हातस," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. बाबाने मात्र परातीवर फडकं ओढलं.

रांगेत दिवलीबाई होती. मांडीवरचा नातू तापलेला, डोळे खोल गेलेले. रुपा तिच्यापुढे बसली, बशी उजेडात धरली, दोन्ही राखा दाखवल्या.

"काकी, तुमले मीच धाडं व्हतं. मन्ही चूक व्हयनी. उठा, दवाखानामा चला."

दिवलीबाईने बाबाकडे पाहिलं, कड्याकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं. मग पदर खोचून उठली. "तठे काय सांगू वं?"

"राख दिधी, असं सांगा. पहिले तेच सांगा."

बायांनो, ही गोष्ट सांगून माझंही तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. ज्याला आपल्या औषधाचं नाव सांगता येत नाही, त्याच्या हातचं लेकराच्या जिभेवर ठेवू नका. ठेवून बसल्या असाल, तर लाजू नका. डॉक्टरांना सांगा. लाजेपायी गेलेला एक दिवस लेकराला फार महागात पडतो.