साठ मिली दूध

आहारतज्ज्ञ बाईंनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. ठमीच्या रक्तातलं फेनिलअलानिन वाढलं होतं, सलग तिसऱ्यांदा.

"घरात कुणी चोरून काही भरवतं का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा महिन्यांची माझी लेक. अन्नातलं हे एक द्रव्य तिच्या शरीराला पेलत नाही, साठलं की मेंदूला इजा होते. जन्मापासून मी डोळ्यांत तेल घालून तिला जपतेय. बिस्किटांचा डबासुद्धा कुलपात असतो. सासूबाई म्हणतात, सून नाही, जेलर आणलाय. म्हणू देत.

"कुणी काही देत नाही."

त्यांनी माझी वही उघडली. ते द्रव्य नसलेली औषधी पावडर, शिवाय रोज साठ मिली साधं दूध. सगळं माझ्याच अक्षरात.

"मग दूध चाळीसवर आणू," म्हणत त्यांनी पेन उचललं.

ठमी माझ्या खांद्यावर मान टाकून पडली होती. महिन्याभरात तिनं रांगणं सोडलं होतं. विंचरताना केस हातात येत, मांड्यांची कातडी सोलली होती. माझा धीर सुटला.

"दूध मी देतच नाही. तापात पहिला रिपोर्ट वाढला, तेव्हाच बंद केलं. दीड महिना झाला. तुम्ही रागवाल म्हणून वहीत खोटं लिहीत गेले."

बाई रागावल्या नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"अहो, फेनिलअलानिन तिला कमी द्यायचं, पण द्यायचंच," त्या हळू म्हणाल्या. "शरीर ते स्वतः बनवू शकत नाही. बाहेरून मिळालं नाही, की आपलेच स्नायू मोडायला लागतं. रक्तात वाढलंय ते तिच्याच अंगातलं."

म्हणजे मी घास तोडत होते आणि माझी पोर स्वतःलाच खात होती. आईच ना मी?

"मेंदूला काही झालं असेल?"

"आत्ता नाही सांगता येणार."

ठमीला लगेच वॉर्डात घेतलं. नर्सनं साठ मिली दूध मोजून बाटली माझ्या हातात दिली. मी बाटली नुसतीच धरून बसले, तेव्हा ती म्हणाली, "ताई, मी पाजू का?" मी नको म्हटलं. हे मलाच करायचं होतं.

ठमीनं दूध घटाघटा संपवलं. मग रिकामी बाटली चोखत राहिली, आणि कित्येक दिवसांनी मोठ्यानं रडली. तिला आणखी हवं होतं. मी नर्सकडे पाहिलं. तिनं नकारार्थी मान हलवली, आणि मी माझ्या हातानं बाटली ठमीच्या तोंडातून ओढून काढली.