नऊ दिवसांचा सभ्यपणा

मात्यू टोए यांनी नोकरीची सुरुवात चौकात शिट्टी फुंकण्यापासून केली आणि सव्वीस वर्षांत ते अख्ख्या शहराचे पोलीसप्रमुख झाले. मधल्या काळात खांद्यावरच्या पट्ट्या वाढत गेल्या आणि तोंडावरचं हसू त्या मानाने आटत गेलं. आता एकच पायरी उरली होती, राजधानीतली मोठी खुर्ची. टोएसाहेब त्या खुर्चीला लायक आहेत का, ते पाहायला मिलोगो नावाचे तपासनीस दहा-बारा दिवसांत येणार होते.

साहेबांना सलत होती ती फक्त लामूसा. ठाण्याच्या फाटकासमोर ती भात, चवळी आणि माशाच्या कालवणाची पातेली मांडून बसायची. ती मोसी, साहेब सामो, आणि या दोन जमातींत पूर्वापार थट्टेचं नातं. एकमेकांना गुलाम म्हणायचं, कुत्र्याचं मुंडकं कुणाच्या आजोबाने चोरून खाल्लं यावर भर बाजारात भांडायचं आणि रागवायचं मात्र कुणीच नाही. लामूसा हे नातं रोज सकाळी निष्ठेने पाळायची. जीप फाटकाशी आली की पळी उगारून विचारायची, "काय रे गुलामा, मालकिणीला न विचारता कुठे उंडारत होतास?" पहाऱ्यावरचे शिपाई गालातल्या गालात हसायचे.

हे मिलोगोंच्या कानावर पडलं की राजधानी गेलीच, असं साहेबांच्या मनाने घेतलं. त्यांनी लामूसाला आत बोलावलं, सरकारी अधिकाऱ्याचा अपमान केल्याचा गुन्हा नोंदवला आणि ताकीद देऊन सोडलं. इतका शुद्ध मूर्खपणा सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून झाला नव्हता. लामूसाने कागदावर अंगठा उठवला.

"सामोला आमचा राग येतो हे मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "माफ करा, साहेब."

दुसऱ्या दिवसापासून शहर सभ्य झालं. जीप आली की लामूसा उठून उभी राही आणि नमस्कार करी. खाटीक, न्हावी, पंक्चरवाला, झाडून सगळे मोसी साहेबांपुढे वाकू लागले आणि त्यापलीकडे एक अक्षर बोलेनात. साहेब आधी सुखावले. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की आजवर शहराची खबर आपल्याला शिव्यांबरोबरच मिळत होती. एरवी न्हावी दाढी करता करता म्हणायचा, कुत्रेखाऊ, तू झोपा काढ, तिकडे गल्लीत दोन परके येऊन राहिलेत. आता तोच न्हावी म्हणे, आम्हा गरिबांना काय कळतंय, साहेब. नऊ दिवसांत अकरा मोपेड चोरीला गेल्या आणि एकीचाही माग लागला नाही.

साहेबांनी आपल्या परीने प्रयत्न केला. खाटकाला भर बाजारात गुलाम म्हणून पाहिलं. खाटकाने सुरी खाली ठेवली, मान लववली आणि आपण म्हणाल ते खरं, असं नम्रपणे सांगितलं. साहेबांना रडू यायचंच बाकी राहिलं.

दहाव्या दिवशी मिलोगो आले. ते बोबो जमातीचे, त्यामुळे या भांडणात त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी चोऱ्यांची वही चाळली आणि सांगितलं, की संध्याकाळपर्यंत मोपेड सापडल्या नाहीत तर उत्तरेच्या सीमेवर वाळूत एक ठाणं आहे, तिथे माणूस हवाच आहे.

साहेब फाटकाबाहेर आले, मागोमाग मिलोगो. लामूसा उठून उभी राहिली आणि तिने अगदी रीतसर नमस्कार केला. तो नमस्कार साहेबांच्या काळजाला लागला. या शहरात त्यांना आपलं मानणारी हीच एक म्हातारी होती आणि तिलाच त्यांनी परकं केलं होतं. त्यांनी बाही वर सारली, न विचारता तिच्या पातेल्यात हात घातला आणि माशाचा सगळ्यात मोठा तुकडा तोंडात टाकला.

"अळणी आहे, म्हातारे," ते घास चावत म्हणाले. "गुलामाच्या हातची चव अशीच असायची. तो गुन्हा नोंदवला ती चूक माझी. बाकीच्या सगळ्या तुझ्या."

लामूसाची पळी साहेबांच्या मनगटावर बसली.

"अळणी? मुंडकी चघळून जिभेचं कातडं झालंय तुझ्या, गुलामा. नऊ दिवस तुला साहेब म्हणून म्हणून माझं तोंड कडू झालं. मोपेड चांभारवाड्यामागच्या गोदामात आहेत, अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. जा, आण. आणि येताना माझा पाण्याचा डबा भरून आण."

बाजार पोट धरधरून हसला. दुपारपर्यंत अकरा मोपेड, दोन चोर आणि पाण्याचा डबा फाटकाशी हजर झाले. डबा साहेबांनी स्वतः उचलून आणला होता.

मिलोगोंनी अहवालाचा छापील कागद पुढे सरकवला. खुर्ची कुणाला द्यायची ते राजधानीत हाच कागद वाचून ठरणार होतं. खबर देणाऱ्याचं नाव, लामूसा तापसोबा. त्याखालचा रकाना होता, तपास अधिकाऱ्याशी नातं. साहेबांचं पेन थांबलं. "काही नाही" असं लिहिलं तर कुणी विचारणार नव्हतं. बाहेर लामूसा डबा अर्धाच भरलाय म्हणून सगळ्या रस्त्याला ऐकवत होती.

टोएसाहेबांनी सुवाच्य अक्षरात "मालकीण" असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.