सासूबाईंना ओढण्याचा सराव

अग्निशमन दलातल्या माणसाला सगळे ‘कापूस’ म्हणायचे, यातच काय ते आलं. झाडावर अडकलेल्या मांजरालाही तो आधी चुचकारायचा, मग हात लावायचा. लेखी परीक्षेत पठ्ठ्याला पैकीच्या पैकी, पण प्रात्यक्षिकात तीनदा नापास, आणि तिन्ही वेळा चूक तीच. धुराने भरलेल्या काळोख्या खोलीत रांगत जायचं, सत्तर किलोचा पुतळा शोधायचा आणि काखेत धरून जमिनीवरून ओढत बाहेर आणायचा. पुतळा कापसाला चटकन सापडायचा. मग मात्र हा त्याला दोन्ही हातांनी अलगद उचलून उभा राहायचा. धूर वर, धग वर, आणि हा तिथेच डोकं घालणार! परीक्षक शिटी वाजवून मोकळे व्हायचे.

आता चौथी संधी, आणि तीच शेवटची. हुकली तर बंबावरून उतरून कायमचं कोठारात, पाइपांच्या गुंडाळ्या राखत बसायचं.

बायकोने घरातच सराव मांडला. धान्याचं पोतं तो बिनधास्त ओढायचा.

“पोत्याला कुठे जीव असतो?” सासूबाई म्हणाल्या. सासरे गेल्यापासून त्या लेकीकडेच राहत होत्या. अंगाने भरभक्कम, जिभेने त्याहून. त्या सरळ टेबल आणि पलंगाच्या मधे आडव्या झाल्या. “घ्या जावईबापू, मी बेशुद्ध.”

डोळ्यांवर पट्टी बांधून कापूस रांगत आला. हात सासूबाईंच्या खांद्याला लागला आणि तो थिजला.

“आई, जरा उठता का?”

“बेशुद्ध माणूस उठतं होय?”

बायको हसून हसून बेजार झाली. हातातलं घड्याळ पळतच होतं.

“मला नाही जमणार,” कापूस म्हणाला. “मोठ्या माणसाला असं फरफटत न्यायचं म्हणजे...”

सासूबाई तशाच पडून राहिल्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “तुमचे सासरे न्हाणीघरात पडले तेव्हा घरात मी एकटी. शेजारी हाकेच्या अंतरावर होते. पण मला वाटलं, लोकांना असे कसे दिसतील? आधी अंग पुसलं. मग सदरा चढवला. बटणं लावली, पाचच्या पाच. मग दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.”

बायकोचं हसू विरलं. हे तिलाही पहिल्यांदाच कळत होतं.

“मान राखला हो मी त्यांचा,” सासूबाई म्हणाल्या. “माणूस राहिला नाही. ओढा आता.”

कापसाच्या डोळ्यांवरची पट्टी ओली झाली होती. त्याने त्यांच्या काखेत हात घातले आणि ओढलं. उंबरठ्यावर पाठ आपटली तशा त्या “अगंबाई!” म्हणाल्या आणि लगेच ओरडल्या, “थांबायचं नाही!” पुढचे आठ दिवस सासूबाई रोज दुपारी न चुकता बेशुद्ध पडत राहिल्या.

परीक्षेत पुतळा कपाटामागे सापडला. सवयीने कापसाचे हात त्याच्या पाठीखाली गेलेच. गुडघे जमिनीवरून सुटले. तेवढ्यात त्याला ती पाच बटणं आठवली. तो पुन्हा खाली बसला, काखेत हात घातले आणि मागे सरकत ओढत सुटला. “आई, जरा सोसा, आलंच दार,” असं काहीबाही तो मुखवट्याआड पुटपुटत होता. शिटी वाजली नाही.

“पास,” परीक्षक म्हणाले. “पण पुतळ्याला आई म्हणणारा तूच पहिला बघितला.”

तो धावतपळत घरी आला. बायको कामावर गेली होती. सासूबाई सकाळी होत्या तशाच पलंगावर पडून होत्या.

“ओढलंत?”

“ओढलं.”

“उभे नाही ना राहिलात?”

“नाही. पास झालो, आई.”

सासूबाईंनी डोळे मिटले. पाणी कानापर्यंत ओघळलं, पण ते पुसायला त्यांनी हात काही उचलला नाही.

“छान झालं. आता मला उठवा. पाठ धरलीय सकाळपासून, कूसही बदलवत नाही. सांगितलं असतं तर परीक्षा सोडून इथेच बसला असतात.”

कापसाला हसावं की रडावं कळेना. त्याने एक हात त्यांच्या मानेखाली घातला, दुसरा पाठीमागे, आणि तीनदा नापास झाला होता अगदी तसंच, दोन्ही हातांनी अलगद त्यांना उचलायला लागला.

“सावकाश,” सासूबाई म्हणाल्या. “आता घाई नाही.”