एका एकराला पाच एकर

मी सागवानी चौकट बोलतेय. मीटरभर लांब, मीटरभर रुंद. मला जमिनीवर टाकायचं, माझ्या चार पट्ट्यांच्या आत जे उगवलंय ते कापायचं, वाळवायचं आणि तोलायचं, हेच माझं काम.

मला घडवलं बिंदुमाधवअण्णांनी. कानडी मुलखात, बसवनगुडीत, मराठी मुलींचं वसतिगृह आहे; त्याचे ते कारभारी. माणसाच्या जगण्याला किती जमीन लागते, ते मोजायला त्यांची पुतणी भूमिका शिकत होती. तिच्यासाठी त्यांनी जुन्या खाटेच्या पट्ट्या तासल्या. "पोरीला कुसळ टोचायला नको," म्हणत माझे कोपरे घासघासून गुळगुळीत केले.

भूमिकेनं मला खूप हिंडवलं. कुठे माझ्या पोटात रागीची, म्हणजे नाचणीची, कणसं मावत नसत, तर कुठे दगडांत चार काड्या. शेत, माळ, तळं हे सगळं एका मापात आणल्याशिवाय कुणाचा पृथ्वीवर किती भार पडतो ते कळत नाही, असं ती म्हणे.

एकदा एक बिल्डर अण्णांकडे आला. हेब्बाळच्या पलीकडे, तळ्याच्या खालच्या अंगाला, वसतिगृहाची एकरभर जमीन आहे. मुलींची रागी आणि भाजी तिथूनच येते. तिच्या बदल्यात तो लांबच्या टेकडीवर पाच एकर द्यायला तयार होता. अण्णा हरखले.

"एकाचे पाच होतायत, भूमी. मुलींना खेळायला मैदानही होईल. मी शब्द दिलाय."

भूमिका वाद घालत बसली नाही. "सही करण्याआधी दोन्हीकडे चला, अण्णा. चौकट तुम्हीच टाका."

टेकडीवर अण्णा मला मुद्दाम दाट गवत बघून टाकत होते. मला कळलं, भूमिकेलाही कळलं. तरी तिनं तेच गवत कापून पुड्यात बांधलं. मग आम्ही तळ्याखालच्या शेतात गेलो. कापलेलं सगळं वसतिगृहाच्या गच्चीवर वाळलं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढलं. स्वयंपाकीण सकवारबाई कुरकुरली, "काटा स्वल्प पुसून द्या अक्का, नाहीतर आमटीत गवत यायचं."

टेकडीच्या पुड्यानं काटा जेमतेम हलला. शेताच्या पुड्यानं तो खाली बसला. पाचही एकर मिळून त्या एका एकराची बरोबरी होत नव्हती.

"मुली खायच्या तेवढंच खाणार," भूमिका हळूच म्हणाली. "मग कमी पडलेली रागी दुसऱ्या कुणाच्या तरी जमिनीतून येईल."

अण्णांनी दोन्ही पुडे पुन्हा एकदा तोलून पाहिले. "शब्द तोंडानं दिला होता," ते म्हणाले, "तोंडानंच परत घ्यायला हवा." दुसऱ्या दिवशी रिक्षा करून ते स्वतः बिल्डरकडे गेले. आले ते चेहरा पाडूनच. मैदान हुकलं म्हणून वसतिगृहाच्या समितीतली माणसं रुसली, आणि पुढच्या निवडणुकीत अण्णांचं कारभारीपण गेलं. शेत मात्र राहिलं.

आता माझी एक पट्टी तडकली आहे. अण्णांनी तिला सुतळी गुंडाळली आहे. जमिनीचा सौदा कराल तेव्हा तिची लांबी-रुंदी खुशाल मोजा, पण ती काय पिकवते तेही एकदा वाकून बघा, एवढं माझं मागणं.

भूमिका निघाली की हल्ली रिकामे झालेले अण्णा तिच्याआधी चपला घालून तयार असतात. मला टाकायचा मान त्यांचाच. फक्त आनंदाच्या भरात ते मला जरा जास्तच जोरात भिरकावतात.