काळ्या गाण्यांचे खण

हेडफोनच्या गादीचं काळं कातडं सुटायला लागलं होतं; त्याचे पापुद्रे केसांत अडकत, गालाला चिकटत, आणि संध्याकाळी घरी आरशात पाहिलं की कुणीतरी दिवसभर आपल्यावर मिरपूड भुरभुरवत बसलं होतं असं वाटे. त्यातला एक तिनं नखानं उचलून उजेडाकडे धरला. काळा नव्हताच तो. तपकिरी होता, कडेला जरासा जांभळा... असंच असतं. काळं म्हणून जे जे समोर येतं ते उजेडात धरलं की दुसरंच काहीतरी निघतं, आणि तिची भाकरी त्यावरच चाललेली.

कंपनी गाणी बनवत नव्हती, विकतही नव्हती. ती फक्त गाणी कुठं ठेवायची ते ठरवत होती. जगभरातून गाणी येत आणि या लांबट खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेली माणसं ती खणांत टाकत. पुढं ते गाणं कुणाच्या फोनमध्ये वाजणार, कुणाच्या व्यायामशाळेत, कुणाच्या कपड्यांच्या दुकानात, हे खणावर ठरे. तिच्याकडे सगळं काळं येई, अंधाराची, मरणाची गाणी. म्हणून तिच्या टेबलाला ‘काळा बाजार’ म्हणत. शेजारच्या दाढीवाल्याकडे सगळं मेटल, म्हणून तो ‘लोहार’. स्वभावानं मात्र इतका मऊ, की झुरळ दिसलं तर आधी त्याला वाट करून देणार. तिनं कधीच हिशोब मांडून ठेवला होता: जितका भेसूर आवाज आवडीचा, तितका माणूस गरीब. खरी भीती बाळगावी ती सतारीच्या संथ आलापीवर डोळे मिटून बसणाऱ्या त्यांच्या मॅडमची.

बाहेरच्यांना सगळं सारखंच. अंधार, रडगाणं, काळे कपडे—झालं. अरे, पण तसं नसतं... बेस पुढं चालतोय, गिटार मागून पत्रा खरवडल्यासारखी, गाणारा ताठ उभा राहून कुणावर तरी चिडलेला—हे पोस्ट-पंक. तोच बेस संथ केला, भोवती रिकाम्या सभागृहाएवढा घुमारा सोडला, आणि गाणारा खोल विहिरीतून बोलायला लागला की गॉथ रॉक. ढोल गडगडतायत, गाणारा कोल्हेकुई करतोय, आणि मधेच थडग्याआडून फिसकन हसू—हे डेथरॉक. ही मरणाची नक्कल, पोरांनी चादर पांघरून भॉऽ करावं तशी. कीबोर्डवर गळे काढलेत पण पाय ठेका धरतात, ते डार्कवेव्ह: रडता रडता नाचणाऱ्यांचं. गाणारी बाई विजेचं मीटर वाचून दाखवल्यासारखी गातेय, ते कोल्डवेव्ह. आणि गिटारींची भिंतच उभी केलीय, आवाज त्या भिंतीखाली गाडलाय, वाजवणारे मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघत गिटारीचा आवाज बदलायची डबडी पायानं दाबतायत, ते शूगेझ. चादर कुणी पांघरलीय आणि थंडी खरंच कुणाला वाजतेय, एवढंच ओळखायचं. मला ते दोन ठेक्यांत कळतं. (मॅडम याला ‘कान’ म्हणत. लोहार याला ‘खोड’ म्हणे.)

गाणं पूर्ण कुणीच ऐकत नसे. सुरुवात, मग मध्य, मग शेवटाच्या जरा अलीकडे—अशा तीन ठिकाणी टोचून बघायचं, कलिंगडाला खाप पाडून बघतात तसं, आणि खण ठरवायचा. अशी रीत. तिनं तर रीतही मोडीत काढली होती, कारण काळी गाणी आपली जात दारातच सांगतात. सकाळी आलेलं तिसरं की चौथं गाणं असंच—ढोलांचा गडगडाट, कोल्हेकुई, लोखंडी फाटक करकरल्यासारखी गिटार. गाणारा ओळीच्या आधी नाकानं छोटासा हुंगल्यासारखा श्वास घेत होता. स्वस्तातला मायक्रोफोन, तिच्या मनात आलं. डेथरॉक. भुतांच्या पार्ट्यांचा खण. पुढचं.

जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला.

“जेवलीस का?”

“जेवतेय.”

“म्हणजे डबा उघडून बसलीयेस. बरं ऐक. धाकटा इतका सुधारलाय म्हणून सांगू! ते काळे पडदे काढले सगळे. खोली अशी लख्ख, की मलाच आत जायला संकोच वाटला. गिटार शेजारच्या मुलीला देऊन टाकली, पायानं दाबायची ती डबडीसुद्धा. काल माझे पाय चेपून दिले, आहेस कुठं!”

“आणि गाणी?”

“बंद! चार दिवस झाले, भुतंखेतं सगळी गप. हसतो काय, बोलतो काय... मी तर—” आई थांबली, नाकानं छोटासा हुंगल्यासारखा श्वास घेतला, “—मी तर म्हटलं, देव पावला.”

तिनं हातातला घास परत डब्यात ठेवला.

ऐकण्यातला विचित्रपणा असा, की ऐकू आलेलं आधी आत जाऊन बसतं आणि त्याचं नाव मागाहून येतं. हा श्वास तिनं सकाळी ऐकला होता. हा श्वास त्यांच्या घरातला होता... आजोबांचा, मग आईचा, मग धाकट्याचा. तिच्याकडे काही तो आला नाही, तिच्या वाट्याला नाक आलं फक्त. आवाज यंत्रात घालून खाली ओढला होता, म्हणून ओळखला नाही, असं ती स्वतःला सांगत होती, पण ते खरं नव्हतं. आवाज ओळखायच्या आधीच तिनं त्याचा खण ओळखला होता आणि मग ऐकणं थांबवलं होतं.

‘ताई, तू गाणं ऐकत नाहीस, ओळखतेस.’ हे तोच म्हणायचा. लहानपणी रेडिओला कान लावून दोघं पैज लावत, कोण आधी प्रकार सांगतं. दरवेळी तीच जिंकायची आणि तो चिडून म्हणायचा, एक दिवस मी असं गाणं करीन की तुला खणच सापडणार नाही. मग मोठा झाला, डोळ्यांत काजळ, नखं काळी, पायात ते घोड्याच्या नालांएवढे जड बूट, तसा तो पहिल्यांदा जेवायला येऊन बसला तेव्हा आईनं विचारलं होतं, “कोण गेलं रे आपल्यात?” आणि त्यानं भात कालवत शांतपणे सांगितलं होतं, “अजून कुणी नाही, आई.” तेव्हा ठसका लागेपर्यंत हसलो होतो आम्ही. सगळ्या नातेवाइकांना त्याच्या काजळाची भीती होती. मामा म्हणाले, डॉक्टरला दाखवा. तिला मात्र ठाऊक होतं, की काजळ घालायला माणसाला आरशासमोर उभं राहावं लागतं, आणि आरशात बघून तोंड रंगवणाऱ्याला संध्याकाळी कुठंतरी जायचं असतं, कुणाला तरी दिसायचं असतं. पडदे काळे होते, गाण्यांतून दिवसाला तीन प्रेतं उठत होती, तोवर ती निर्धास्त होती. आणि आता पडदे काढले. गिटार दिली. आईचे पाय चेपले—ज्यानं जन्मात कधी स्वतःचं ताट उचललं नाही त्यानं. आईनं आनंदानं सांगितलेली एकेक गोष्ट तिच्यापुढं जमेच्या बाजूनं येत होती आणि येता येता नावे पडत होती.

“हॅलो? आहेस ना?”

“आहे. तो कुठंय आत्ता?”

“घरीच. मी निघालेय मावशीकडे. तोच म्हणाला, बऱ्याच दिवसांत गेली नाहीस, जा, निवांत राहून ये.”

डबा तसाच टाकून ती टेबलाशी आली. गाणं शोधलं. गाणाऱ्याच्या नावाच्या जागी कुठलंसं बनावट नाव, भुताटकीला शोभेलसं. डेथरॉकच्या खणात ते बसलंही होतं. कुठल्यातरी पार्टीत आज संध्याकाळी त्यावर प्लास्टिकचे सांगाडे नाचणार होते. तिनं ते लावलं, आणि कधी नव्हे ते लावूनच ठेवलं.

गडगडाट. कोल्हेकुई. फाटक. टोचून बघण्याच्या पहिल्या जागी हे असं, अगदी जातिवंत. मधल्या जागीही तेच. त्याला आमची रीत माहीत होती, मीच जेवताना शेखी मिरवत सांगितली होती... आणि मग शेवटाच्या जरा अलीकडची ती तिसरी जागा ओलांडून गेल्यावर, जिथं या खोलीतला कुणीही कधी पोचत नाही तिथं, ढोल थांबले. रागानं नव्हे, कुणीतरी अंगावरची शाल काढून घडी घालावी तसे थांबले. मग गिटार गेली. मग बेस. खाली ओढलेला आवाज हळूहळू वर आला, आणि त्याचा स्वतःचा झाला, बारीक, जरासा फाटका. मागे घुमारा होता, पण तो यंत्रातला नव्हता. यंत्रातला घुमारा मऊ असतो. हा टणक होता, भिंतीवरून सरळ परत येणारा. पडदे नसलेल्या, सामान काढलेल्या खोलीचा. *सगळं जागेवर ठेवलंय,* तो गात होता, गात कसला, सांगत होता, *सगळं जागेवर ठेवलंय, आता कुणी काही शोधू नका.* सूर गोड होता. आईला हे गाणं आवडलं असतं.

तिनं हेडफोन काढून लोहाराच्या डोक्यावर घातला. “कुठलं आहे?”

त्यानं दोन ठेके ऐकले. “हे काय विचारतेस? डेथरॉक. भुताटकी.”

“शेवटाकडचं ऐक.”

तो ऐकत राहिला. त्याची दाढी हलायची थांबली. हेडफोन काढून त्यानं तो टेबलावर अगदी हळू ठेवला, वाजेल म्हणून जपल्यासारखा.

“कोण आहे हा?”

“माझा भाऊ.”

“गाणं असेल गं नुसतं,” तो म्हणाला. मग तिच्याकडे न बघता, “आईंचा नंबर दे मला. त्यांना मी परत फिरवतो. शेजारच्या कुणाला दार वाजवायला सांगतो. तू निघ, आणि त्याच्याशी बोलत राहा.”

गाणं असेल नुसतं. जिन्यावर तिच्या मनात तेच पायरीपायरीला आदळत होतं. असेल की. तो चांगला होता, फार चांगला. चादरीखाली दुसरी चादर पांघरायची अक्कल त्याला होती. रिकाम्या खोलीचा आवाज हवा म्हणून खोली रिकामी करणारे वेडे असतात या धंद्यात. खण सापडू नये म्हणून मुद्दाम... आणि नसेल तर? ज्या बाईनं वर्षानुवर्षं हजारो मरणं खोटी म्हणून बाजूला काढली, तिला खरं कसं असतं हे कुठं माहीत होतं? तिच्या टेबलापर्यंत ते कधी आलंच नव्हतं. किंवा आलं असेल. तिसऱ्या जागेच्या पलीकडे असेल, आणि मी पुढचं लावलं असेल.

फोन बराच वेळ वाजत राहिला. ती टॅक्सीत बसली, पत्ता सांगितला, तरी वाजतच होता. मग—

“बोला, काळा बाजार.”

“कुठं आहेस?”

“घरी. का गं?”

“काय करतोयस?”

“काही नाही. बसलोय.” त्याच्या मागे तीच टणक भिंत होती. “ऐकलंस?”

“ऐकलं.”

“शेवटपर्यंत?”

“शेवटपर्यंत.”

तो हसला. खूश झाल्यासारखा, किंवा कसलीतरी शेवटची पावती मिळाल्यासारखा. “मग? कुठल्या खणात टाकलंस?”

टॅक्सी सिग्नलला थांबली. पुढच्या काचेवर धुळीत कुणीतरी बोटानं काहीतरी लिहून पुसलं होतं. मी ‘डेथरॉक’ म्हणाले तर तो म्हणेल, म्हणजे फसलीस, आणि हसेल, आणि फोन ठेवील. दुसरं काही म्हणाले, म्हणजे खरं ते म्हणाले, तर त्याला हवं होतं ते ऐकायला मिळेल—आणि मग? मग फोन चालू ठेवायला त्याला काय कारण उरणार?

“सांग ना, ताई. तुला तर दोन ठेक्यांत कळतं.”

“नाही कळलं.”

“थापा.”

“आईशपथ. सकाळपासून घेऊन बसलेय. मधला ढोल पोस्ट-पंकचा म्हणावा, तर गिटार तशी नाही. आणि पुढं तर... पुढं काय केलंयस तू ते मला कळतच नाही, गधड्या. समजावून सांग.”

“समजावून काय सांगायचं? गाणं आहे.”

“मग म्हणून दाखव. पुढचं. मी ऐकतेय.”

“पुढचं नाहीये. तिथंच संपतं ते.”

“मग ते संपलेलं नाही,” ती म्हणाली, आणि आपला आवाज ऐकून दचकली. कारण हे ती युक्ती म्हणून बोलली नव्हती, नोकरीतलं मत म्हणून बोलली होती. “मधेच सोडलंयस तू. असं टाकता येत नाही कुठंच.”

पलीकडे तो गप्प झाला. दूरवर, त्याच्या बाजूला, कुणीतरी दार वाजवत होतं, किंवा तिच्याच टॅक्सीचं काहीतरी खडखडत होतं. या गप्पपणाची जात कोणती, हे तिचा कान सवयीनं चाचपू लागला—रुसवा, थकवा, थट्टा, की ते दुसरं—आणि तिनं कानाला आवरलं. नको. नाव ठेवलं की मी ऐकायची थांबते. तिनं फोन दोन्ही हातांनी धरला, आणि जन्मात पहिल्यांदा, हे काय चाललंय ते ओळखायची जराही घाई न करता, त्याच्या न बोलण्याचा एकेक क्षण, पुढचा, आणि त्याच्या पुढचा, ऐकत राहिली.