बारावा खेळाडू

हात मेला जात्याच चहाटळ! व्यंगचित्रकाराने तो आज मनातल्या मनात शंभरदा ठेचला होता.

विधानसभेतली भांडणं तो क्रिकेटच्या मैदानावर मांडायचा. विधेयक म्हणजे चेंडू, सभापती म्हणजे पंच, आणि मागच्या बाकावरचा एक आमदार, म्हणजे त्याचा सख्खा मामा, बारावा खेळाडू. खेळायचं नाही, नुसतं पाण्याचा ट्रे घेऊन धावायचं. लोक खो खो हसले. मामाही हसला. मग काय, गड्याला चेव चढला. दर आठवड्याला मामा, दर आठवड्याला ट्रे.

त्याच मामाने अकरा वर्षं एक विधेयक उराशी धरलं होतं: गटारात माणूस उतरवायचा नाही, यंत्र उतरवायचं. दोन भाऊ एकाच गटारात गुदमरून गेलेले त्याने पाहिले होते, तेव्हापासून. गेल्या मंगळवारी एकदाची बोलायची पाळी आली. मामा उठला, घसा खाकरला, आणि कुणीतरी ओरडलं, "ए, पाणी आण रे!" अख्ख्या सभागृहात हशा पिकला. "पाणी! पाणी!" वर पत्रकारांच्या सज्जात बसलेल्या भाच्याच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. मामाने कागद गोळा केले आणि खाली बसला. विधेयक बारगळलं.

पुन्हा मांडायची मुदत उद्या संपत होती. म्हणून भाचा आज मामाच्या दारात.

"मामा, चुकलो रे. पण उद्या मांडच. मी तुला फलंदाज काढतो, पहिल्या पानावर!"

"अरे वेड्या," मामा म्हणाला. राग नाही, काही नाही. तेच जिव्हारी लागलं. "पेन्सिल धरायला तुला मीच शिकवलं ना? झकास काढतोस. पण आता मी उभा राहिलो की सभागृहाला तहान लागते. माझ्या तोंडून ते पुन्हा हसण्यावारी जाईल. दुसऱ्या कुणी मांडावं."

"दुसरं कोण मांडणार?"



तेवढ्यात मामी आली. एरवी दारातूनच "पाणी देऊ का रे?" विचारणारी ती; आज मात्र तिने पेला न बोलता भाच्याच्या पुढ्यात ठेवला.

"विचारत नाही हल्ली," ती हळूच म्हणाली. "ह्यांच्यासमोर तो शब्द नको वाटतो."

भाच्याने पेला उचलला. एक घोटही न घेता परत ठेवला.